वाचकांचे प्रश्न : मोगऱ्याचं चिनी गाणं

प्रश्न : ‘मो ली ह्वा’ हे चिनी लोकगीत की कुणा संगीतकाराची रचना? दोन्ही वाचायला मिळतं.

उत्तर : चाल लोकांचीच, तिचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही. मॅकार्टनी यांच्या ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर १७९३ मध्ये चीनला गेलेल्या जॉन बॅरो यांनी ती १८०४ साली आपल्या प्रवासवर्णनात स्वरांसकट छापली. म्हणजे तेव्हाच ती तोंडोतोंडी होती. आज गातात त्या शब्दांवर मात्र चिनी संगीतकार ह फांग यांचा हात फिरला आहे. १९४२ मध्ये च्यांगसू प्रांतात, नानचिंगजवळ, एका लोककलावंताकडून त्यांनी गाणं उतरवून घेतलं. मूळ गाण्यात कडव्यागणिक फूल बदलायचं. ह फांग यांनी तिन्ही कडवी एकट्या मोगऱ्याला दिली, आणि आमच्या मते गाण्याला खरा घाट त्यामुळेच आला. बागेत याच्या तोडीचा सुगंध कशालाच नाही, एक फूल खुडून माळावंसं वाटतं, पण माळी रागावेल ही धास्ती. शेवटी भीती वेगळीच : खुडलं तर पुढच्या वर्षी झाड फुटेल ना?

‘मो ली’ म्हणजे आपला मोगराच, आणि हा शब्द संस्कृत ‘मल्लिका’वरून तिकडे गेलेला आहे.

प्रश्न : परदेशात ते इतकं ओळखीचं कसं झालं?

उत्तर : मुख्यतः इटालियन संगीतकार पुच्चिनी यांच्या ‘तुरांदोत’मुळे. हा ऑपेरा १९२६ मध्ये मिलानला रंगमंचावर आला, त्यात मुलांच्या वृंदगानाला हीच चाल आहे. पुढे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पदकप्रदानाच्या वेळी ती वाजत असे.

प्रश्न : पेटीवर आणि बासरीवर बसवतो आहे. शेवट दरवेळी अधांतरी वाटतो. काय चुकतं?

उत्तर : तुमचं वाजवणं नव्हे, कानाची अपेक्षा चुकते. स्वर सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचेच, म्हणून कान शेवटी षड्जाची, म्हणजे साची, वाट पाहतो. हे गाणं मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प वर (प़), विसावतं. ओढूनताणून सा लावलात तर चाल मोडते. शेवटी ‘सा ध़ प़’ असं उतरा आणि प़ पूर्ण लांबवा.

पेटीवर पांढरी एकचा सा घ्या, सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. पहिली ओळ, चार-चार मात्रांची :

ग, गप, धसां, सांध । प, पध, प, –

ही दोनदा वाजवायची. गाणं मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत जातं, त्यामुळे गाणाऱ्याची पट्टी ठरवताना आधी खालचा पंचम स्पष्ट लागतो का ते पाहा. सहसा वरचा सा तपासून पट्टी ठरवली जाते, मग शेवटची ओळ ऐकूच येत नाही.

बासरीवर सहाही छिद्रं झाकली की मंद्र पंचम मिळतो, त्याखाली गाणं जात नाही. तिथे फुंक हलकी ठेवा. जोर झाला की स्वर वरच्या सप्तकात उडतो. झाकलेल्या छिद्रातून जराशी हवा निसटली तरी हा स्वर फाटतो, तेव्हा आधी अनामिकेखालची फट तपासा.