एक, एखादा की तोच? लेबर पक्षाचा सीमाशुल्क संघ

प्रश्न असा आला आहे: ब्रेक्झिटवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘लेबर पक्षाचा पाठिंबा अ कस्टम्स युनियनला होता, द कस्टम्स युनियनला नव्हे’ या वाक्याशी गाडी अडली. मराठीत अ-द नाहीत, मग काय करायचं?

कस्टम्स युनियन म्हणजे सीमाशुल्क संघ: सदस्य देशांत आपसात सीमाशुल्क नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क. इथे ‘अ’-‘द’ हे उपपद गाळलं तर बातमीच गळते. ‘द’ म्हणजे युरोपीय महासंघाचा स्वतःचा सीमाशुल्क संघ. ‘अ’ म्हणजे महासंघाबाहेर राहून त्याच्याशी नव्याने बांधलेला. तुर्कस्तानचा असा संघ १९९५च्या अखेरीपासून आहे, पण महासंघाचं व्यापारधोरण ठरताना तुर्कस्तानला मत नसतं. लेबरचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी २६ फेब्रुवारी २०१८ला कॉव्हेंट्रीच्या भाषणात हा दुसरा प्रकार मागितला, आणि पुढच्या व्यापार करारांत ब्रिटनलाही बोलता आलं पाहिजे अशी अट घातली.

त्या एका अक्षरावर तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या लेबरची सारी कसरत चालली होती. २०१६च्या सार्वमतात डोंकास्टरसारख्या लेबरच्या जुन्या बालेकिल्ल्यात ६९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. कॉर्बिन यांच्या स्वतःच्या, लंडनमधल्या इस्लिंग्टनमध्ये ७५ टक्के लोकांना महासंघातच राहायचं होतं. ‘द’ म्हटलं तर डोंकास्टर दुखावणार, काहीच नाही म्हटलं तर इस्लिंग्टन. ‘अ’ दोघांनाही ऐकवता येत होता.

आता मराठी. निश्चित-अनिश्चित हा भेद आपल्याकडे आहे, फक्त तो दुसरीकडे राहतो. ‘मुलगी बघायला गेलो’ म्हटलं की स्थळ डोळ्यांसमोर येतं. ‘मुलीला बघायला गेलो’ म्हटलं की ती ठरावीक मुलगी, कदाचित आजारी असलेली. सगळं काम त्या ‘ला’ने केलं! पण ‘संघाला पाठिंबा’मध्ये ‘ला’ तसाही लागतोच, त्यामुळे ही युक्ती इथे कामाची नाही.

‘एक सीमाशुल्क संघ’ लिहिलं तर वाचक आकडा वाचेल. ‘एखादा’ तर मला अजिबात पटत नाही. त्यात ‘कुठलाही चालेल’ अशी बेफिकिरी आहे आणि कॉर्बिन यांची मागणी बेफिकीर नव्हती. ‘जकात संघ’ही नको, आपल्याला लगेच महापालिकेचा नाका आठवतो.

मी विशेषण आणि विभक्तीवर भिस्त ठेवेन. ‘द’साठी ‘महासंघाचा सीमाशुल्क संघ’, ‘अ’साठी ‘महासंघाशी नवा सीमाशुल्क संघ’. ‘चा’ आणि ‘शी’ एवढ्यानेच फरक उभा राहतो. तुमचं वाक्य मग असं होईल: ‘लेबर पक्षाला महासंघाच्या सीमाशुल्क संघात राहायचं नव्हतं, महासंघाशी नवा संघ करायचा होता.’

पुढे ब्रिटिश संसदेतलं १ एप्रिल २०१९चं मतदान आलं तर तिथेही ‘शी’च वापरा. हुजूर पक्षाच्या केन क्लार्क यांचा प्रस्ताव याच दुसऱ्या प्रकारचा होता. लेबरने त्याला साथ दिली आणि तो २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडला.