बाइट टर्बो आणि बटणांसाठी कॉम्पोझिटचे साचे वापरावेत का?

तुम्ही विचारलंय की डीप बाइटच्या (वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकतात अशा) पेशंटना लावलेले कॉम्पोझिटचे (दाताच्या रंगाच्या, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे) बाइट टर्बो, म्हणजे दात पूर्ण मिटू न देणारे छोटे उंचवटे, आणि इलॅस्टिक अडकवायची बटणं हाताने घडवली की थोड्याच दिवसांत निघून येतात, तर सिलिकॉनचे छोटे साचे घेतल्यावर ती टिकतील का.

माझ्याकडे तरी टिकतात. पण साचा फक्त आकार देतो. पकड बसते ती एनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरावर, आणि तिचा निकाल साचा तोंडात जायच्या आधीच लागलेला असतो. म्हणून साचे मागवण्यापूर्वी एक करा: निघालेला तुकडा फेकू नका, उलटा करून उजेडात धरा. त्याची दाताकडची बाजू गुळगुळीत आणि दातही स्वच्छ असेल, तर लाळ लागली होती किंवा एचिंग (ॲसिडने एनॅमल खरखरीत करणं) कमी पडलं होतं. दातावर कॉम्पोझिटचा थर शिल्लक असेल, तर पकड चांगली होती आणि टर्बो मधूनच मोडला. म्हणजे आत बुडबुडा राहिला, खोलवर क्युअर झालं नाही (प्रकाशाने घट्ट झालं नाही), किंवा चावण्याचा सगळा जोर त्याच्यावर येत होता.

लाळेचा दोष असेल तर साच्याचा खरा उपयोग होतो. वरच्या पुढच्या दातांच्या टाळूकडच्या बाजूला हाताने टर्बो घडवताना एक-दीड मिनिट सहज जातं. तेवढ्यात कॉटन रोल भिजतो, पेशंट गिळतो, जीभ वर येते. लहान मूल असेल तर विचारूच नका. साच्यात कॉम्पोझिट आधीच भरून ठेवलेलं असलं की दात कोरडा केल्यापासून लाइट लावेपर्यंत काही सेकंदच जातात.

तयारीत मात्र कसर नको. तेल नसलेल्या प्युमिसने (घासायच्या पावडरीने) दात घासा, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल ३० सेकंद ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, वाळवा. एनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं पाहिजे. एखादा ठिपका चकाकत असेल तर तिथे पुन्हा एच करा. एच केलेल्या दाताला लाळ लागली तर नुसतं पुसून पुढे जाऊ नका, पुन्हा थोडा वेळ एच करून धुवा. १९५५ साली दंतसंशोधक मायकेल ब्युओनोकोरने ८५ टक्के ॲसिड ३० सेकंद लावून एनॅमलवर रेझिन चिकटवून दाखवलं. ॲसिडची तीव्रता पुढे उतरली, पण कोरड्या एनॅमलची गरज तीच राहिली.

साचा भरताना सिरिंजचं टोक तळाशी टेकवून, ते कॉम्पोझिटमध्ये बुडालेलं ठेवूनच वर या, म्हणजे हवा अडकत नाही. टर्बोसाठी मी घट्ट पेस्टचं कॉम्पोझिट वापरते, कारण नुसता फ्लोएबल (पातळ, वाहता प्रकार) लवकर झिजतो. दाताला लागणाऱ्या तोंडावर मात्र फ्लोएबलचा अगदी पातळ थर देते, त्याने पृष्ठभाग नीट ओला होतो. भरलेला साचा नारिंगी झाकणाखाली ठेवा. खुर्चीवरच्या दिव्यानेही कॉम्पोझिट घट्ट व्हायला लागतं आणि मग ते दातावर नीट पसरत नाही.

भरायचं किती? कडेपर्यंत, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला मी एका मुलीच्या वरच्या दातांवर साचे काठोकाठ फुगवून दाबले होते. बाहेर आलेली पातळ कड हिरडीला टेकली होती आणि मी ती प्रोबने (बारीक टोकाच्या हत्याराने) तपासली नाही. पुढच्या भेटीला ती आली तेव्हा दोन्ही दातांमागची हिरडी लाल होऊन सुजली होती, हात लावताच रक्त आलं. तेव्हापासून दाबल्याबरोबर, क्युअर करायच्या आधी, मी साच्याच्या चहूबाजूंनी प्रोब फिरवून जादा कॉम्पोझिट काढते. हे पाच सेकंद सोडू नका.

साचा पारदर्शक असेल तर त्याच्यातून लाइट द्या, मग साचा सरळ न ओढता एका कडेने सोलत काढा. बटणाच्या खाचेत तो अडकतो, ओढला तर बटणच तुटतं. त्यानंतर प्रत्येक बाजूने पुन्हा क्युअर करा, कारण प्रकाश साधारण २ मिलिमीटरच भरवशाने पोचतो आणि टर्बो त्याहून जाड असतो. साच्यामुळे हवा लागत नाही, म्हणून पृष्ठभाग कडक आणि गुळगुळीत येतो. हाताने घडवल्यावर वर राहणारा चिकट थर इथे नसतो.

मग आर्टिक्युलेटिंग पेपर, म्हणजे दात कुठे टेकतात त्याचा ठसा उमटवणारा रंगीत कागद. दोन्ही टर्बोंवर सारखा ठसा येईपर्यंत घासा. एकच टेकत असेल तर तोच निघणार. ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा जितके पुढे असतात ते अंतर) मोठा असेल आणि खालचे दात टर्बोच्या मागे जाऊन बसत असतील, तर पुढे टर्बो लावून उपयोग नाही, दाढांवर लावा. पेशंटलाही आधीच सांगा की काही दिवस चावणं अवघड जाईल, नाहीतर तो घाबरतो.

बटणांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. हलक्या इलॅस्टिकला कॉम्पोझिटचं बटण पुरतं आणि दिसायला छान असतं. जोर जास्त असेल तर मी धातूचंच लावते. पोर्सलिनच्या क्राउनवर फॉस्फोरिक ॲसिड पुरत नाही, तिथे हायड्रोफ्लुओरिक ॲसिड आणि सिलेन (पोर्सलिन आणि रेझिन जोडणारं द्रव्य) लागतं, हिरडी झाकूनच.

शेवटी काढण्याचा विचार लावतानाच करा. टर्बोसाठी मी दातापेक्षा जरा वेगळी शेड निवडते. वर्षभराने कमी वेगावर १२ धारांच्या टंगस्टन कार्बाइड बरने घासताना कॉम्पोझिट कुठे संपलं आणि एनॅमल कुठे सुरू झालं, हे मग नुसत्या डोळ्यांना दिसतं.