एसटी गेली की पोटदुखी थांबते

प्रश्न : माझा मुलगा चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषद शाळेत उड्या मारत जायचा. आता पाचवीला तालुक्याच्या हायस्कूलला एसटीनं जातो. दिवाळीपासून रोज सकाळी त्याचं पोट दुखतं, दोनदा उलटीही झाली. एसटी गेली की बरा! रविवारी काहीच नाही. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफीही नॉर्मल आली. हे म्हणतात नाटकं करतोय, दोन फटके दिले की जाईल. सासूबाई दृष्ट काढतात. मी काय करू? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, दृष्ट खुशाल काढू द्या, मीठ-मोहरीच जाईल. फटके मात्र नकोत. त्याचं पोट खरंच दुखतं. भीतीनं पोटात कळ येते, मळमळतं. एसटी गेली की भीती सरते, म्हणून दुखणंही. शाळेला दांडी मारणारा पोरगा घरी न सांगता उनाडतो. तुमचा तर तुमच्या डोळ्यांसमोर घरात बसलाय.

"का जात नाहीस?" हे विचारू नका, त्यालाही ते सांगता येणार नाही. एसटीत कुठं बसतोस, डबा कोणाबरोबर खातोस, लघवीला कधी जातोस, असं विचारा. मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच घरी बसली. गणिताची भीती असेल म्हणून मी महिनाभर तिला पाढे शिकवत होते! खरं कारण म्हणजे मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. पोर सकाळपासून पाणीच पीत नव्हती. सुतारानं कडी पंधरा मिनिटांत बसवली. पोरीला मात्र रोज पूर्ण वेळ बसायला पुढं तीन आठवडे लागले.

तेवढा धीर तुम्हीही धरा. वर्गशिक्षकांना भेटून पहिल्या आठवड्यात दोनच तास बसवायचं ठरवा, मग मधल्या सुट्टीपर्यंत. घरी राहिला तर शाळेच्या वेळेत टीव्ही-मोबाइल बंद, पण टोमणेही बंद. घरी गेलेला प्रत्येक दिवस उद्याचं पाऊल जड करतो. कोणी शिक्षक मारत असतील तर थेट मुख्याध्यापकांकडे जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे. झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलला तर थांबू नका, 14416 या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) मोफत क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं.

आणि एकदा त्याच्याबरोबर त्याच एसटीनं जा. कुठल्या थांब्यावर तो गप्प होतो, ते मला कळवा.