कॅलरी मोजायला वजनकाटा घेतलात ना? मग आधी तेल मोजा

काकडी-टोमॅटोच्या ग्रॅमवर डोकं खपवू नका. वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. खरी गोम तेलात आहे. 1 ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी, आणि चमच्याचा अंदाज हमखास चुकतो. बाटलीच काट्यावर ठेवा, ‘टेअर’ दाबून शून्य करा, तेल ओतून बाटली परत ठेवा. उणे 14 दिसलं की 14 ग्रॅम गेलं, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. चमचा धुवायची कटकटही वाचते! तांदूळ कच्चा मोजलात तर कॅलरीची नोंदही कच्च्याचीच करा. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 360 कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या भातात 130. फरक निव्वळ पाण्याचा. आणि काटा सपाट ओट्यावरच ठेवा.