आतून तपासतात म्हणे, ते खरं का?

पेल्विक फ्लोअर थेरपीची (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरच्या उपचाराची) पहिली वेळ दोन दिवसांवर आली तेव्हा एक 34 वर्षांची बाई समुपदेशनाला आली. मूल सव्वा वर्षाचं. शिंक आली, हसू आलं, मुलाला पटकन उचललं की लघवीचे थेंब गळायचे. तिची अडचण मात्र वेगळीच होती. “आतून तपासतात म्हणे. मला नाही जमणार. नाही म्हटलं तर परत पाठवतील का?” (ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलले आहेत.)

परत पाठवत नाहीत. पहिल्या भेटीचा बराच वेळ बोलण्यात जातो: लघवी कधी गळते, शौचाला कुंथावं लागतं का, बाळंतपण कसं झालं, संबंधांच्या वेळी दुखतं का. मग श्वास, पोट, कंबर, उभं राहण्याची ढब पाहतात. आतली तपासणी सुचवली, तरी आधी ती समजावून सांगून परवानगी घेतात. ती हातमोजा घालून, जेल लावून, बहुतेक वेळा एकाच बोटाने होते. योनीमार्ग उघडून पाहण्याचं धातूचं उपकरण लागत नाही. कमरेखाली चादर असते, सोबत कुणाला बसवता येतं, आणि मध्येच ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं असतं. न थांबणारा थेरपिस्ट खुशाल बदलावा. पाळी चालू असेल तर बाहेरून तपासणं, श्वासाचे व्यायाम शिकणं होऊ शकतं. ताप, लघवीत जळजळ किंवा रक्त असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

तिला एक काम दिलं: तीन दिवसांची नोंद. किती वाजता काय आणि किती प्यायलं, किती वेळा लघवी झाली, मापाच्या भांड्यात किती मिली भरली, कधी गळली. दुसऱ्याच दिवशीच्या पानावर चौदा वेळा लघवी, त्यातल्या कितीतरी वेळा जेमतेम 80 ते 100 मिली. बाहेर पडण्याआधी ‘एकदा जाऊन येते’ ही सवय त्यामागे होती. मूत्राशय भरायच्या आधीच रिकामं करत राहिलं, की थोडंसं भरलं तरी घाई लागायची त्याला सवय होते.

दुसरी गोष्ट तिने जाता जाता सांगितली. व्हिडिओ पाहून ती रोज दोनशे केगेल, म्हणजे तळाचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम, करत होती. गळणं थांबलं तर नव्हतंच, उलट लघवी सुरू व्हायला वेळ लागायचा आणि संबंधांच्या वेळी दुखायला लागलं होतं.

तिने तपासणीला होकार दिला. स्नायू ढिले नव्हते, आखडलेले होते. पुढे ओटीपोटाखालच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले हे स्नायू. आधीच आवळून बसले असतील तर शिंकेच्या क्षणी आणखी आवळायला त्यांच्याकडे जागाच उरत नाही. गळणं म्हणजे नेहमी कमजोरीच, असं धरून चालणं ही या विषयातली सर्वांत महागडी चूक.

म्हणून पहिले काही आठवडे केगेल बंद. गुडघे दुमडून पाठीवर झोपायचं, श्वास घेताना पोट वर आणि खालचा भाग सैल, सोडताना काही आवळायचं नाही. शौचाला बसताना पायाखाली पाट, गुडघे कमरेपेक्षा वर, कुंथायचं नाही. दुखणं उतरल्यावर मग आवळणं: वायू अडवल्यासारखं आत-वर ओढायचं, पाच सेकंद धरायचं, दहा सेकंद पूर्ण सोडायचं, आठ वेळा, दिवसातून तीनदा. पुढे धरणं दहा सेकंदांपर्यंत. कुल्ले, मांड्या घट्ट होत असतील किंवा श्वास रोखला जात असेल, तर चुकतंय. लघवी करता करता धार अडवून सराव करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

फरक दोन-तीन आठवड्यांत दिसला नाही म्हणून बऱ्याच जणी सोडून देतात. स्नायू कमजोर असतील तेव्हा व्यायामाला किमान तीन महिने द्यावे लागतात. हिच्या बाबतीत आधी दुखणं गेलं, गळणं बरंच नंतर कमी झालं.

बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर आतली तपासणी साधारण सहा आठवड्यांनंतर. आणि मांड्यांमधला भाग अचानक बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा एकाएकी गेला, तर थेरपीच्या तारखेची वाट न बघता त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

तिच्या शेवटच्या नोंदवहीत एका दिवसाला सात वेळा लघवी होती. ‘गळती’च्या रकान्यात फुली, आणि बाजूला: “शिंकेआधी आवळलं. जमलं.”