स्पॅनिश तीनला बसायचं तर इंग्रजी बाजूला ठेव

मुग्धा, तुझा मेसेज परवाच वाचला, पण आमच्या औषधाच्या दुकानात फ्लूच्या लशींची गर्दी होती म्हणून उत्तर राहिलं. आणि आधी ते 'मॅडम' काढून टाक. ताई म्हण.

तुझे प्रश्न मला कळले ते असे. जानेवारीत नवऱ्याबरोबर एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात सॅन होजेला येते आहेस. पुण्यात स्पॅनिश ए-टूपर्यंत, म्हणजे युरोपीय मोजणीतल्या दुसऱ्या पायरीपर्यंत झालंय, डेले या स्पॅनिशच्या परीक्षेचं सर्टिफिकेटही आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजात पुढचा वर्ग घ्यावा का, कोणता घ्यावा, झेपेल का, आणि पुढे त्याचा काही उपयोग होतो का. नवऱ्याचं म्हणणं, त्यापेक्षा पायथन शीक.

नवऱ्याला सांग, दोन्ही होईल. वेळ भरपूर असतो इथे, सुरुवातीला तर अंगावर येईल इतका.

आधी पैशाचं. एच-फोरवर असताना कॉलेजात शिकायला वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही. फी मात्र दोन प्रकारची. कॅलिफोर्नियाची रहिवासी ठरलीस तर एका युनिटला ४६ डॉलर. भाषेचा वर्ग बहुधा ५ युनिटचा असतो, म्हणजे २३० डॉलर आणि वर किरकोळ फिया. रहिवासी नसशील तर तोच वर्ग कित्येक पट महाग. रहिवासी ठरायला राज्यात येऊन एक वर्ष आणि एक दिवस व्हावा लागतो आणि इथेच राहायचा इरादा आहे हे दाखवणारे कागद लागतात. इथे मी माती खाल्ली. भाडेकरारावर नवऱ्याचं नाव, विजेच्या बिलावर त्याचं, बँकेतही त्याचंच. वर्ष उलटल्यावर ऐटीत गेले, तर खिडकीतल्या बाई विचारतात, तुम्ही इथे राहता कशावरून? आता काय सांगणार, रोज इथेच पोळ्या लाटते म्हणून? एक सेमिस्टर बुडालं. तेव्हा उतरल्या आठवड्यापासून भाडेकरारावर नाव घाल, बँकेत जॉइंट खातं काढ, राज्याचं ओळखपत्र काढ.

आता वर्ग कोणता. इथे ए-टू, बी-वन कुणी विचारत नाही, किती सेमिस्टर झाली ते विचारतात. सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात साधारणपणे स्पॅनिश एक आणि दोन सुरुवातीचे, तीन आणि चार इंटरमिजिएट. काही कॉलेजांत क्वार्टर पद्धत असते, तिथे सुरुवातीचेच तीन वर्ग असतात आणि इंटरमिजिएट चारपासून सुरू होतं. नुसता आकडा बघून नाव घालू नकोस. तुला दोन्ही भूतकाळ येत असतील, चुकत का होईना, तर थेट इंटरमिजिएटला बस. मी सोप्या 'ए' ग्रेडच्या मोहानं खालच्या वर्गात बसले आणि चार महिने भाज्यांची नावं घोकली. डेलेचं सर्टिफिकेट आणि पुण्याची मार्कलिस्ट आणलीस की काउन्सेलरकडून वरच्या वर्गाची परवानगी मिळवणं सोपं जाईल.

झेपण्याचं म्हणशील तर हिशेब सरळ आहे. पाच युनिट म्हणजे आठवड्याला पाच तास वर्ग आणि घरी त्याच्या दुप्पट अभ्यास. हे नुसतं छापण्यापुरतं नाही, खरंच तेवढा लागतो. पुस्तकं महाग असतात, पण वेळापत्रकात 'झीरो टेक्स्टबुक कॉस्ट' अशी खूण असलेले वर्ग असतात, ते आधी बघ.

आमचा संध्याकाळचा वर्ग होता. निम्मी मुलं घरी स्पॅनिशच बोलणारी, आईवडील मेक्सिकोचे नाहीतर एल साल्वादोरचे. अशांसाठी वेगळे 'हेरिटेज' वर्गही असतात, पण वेळ जमत नाही म्हणून बरीच जण आपल्यातच येतात. पहिल्या दिवशी मी 'पेरो', म्हणजे 'पण', म्हणून वाक्य सुरू करेपर्यंत त्यांचं बोलून, हसून झालेलं असायचं. वाटलं, चुकीच्या खोलीत आलो. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी शुद्धलेखन घातलं आणि चित्र पालटलं. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच, 'ब'. तेव्हा मागच्या बाकावरून हळूच प्रश्न यायला लागले, बे दे बुर्रो की बे दे बाका? म्हणजे गाढवातला 'ब' की गाईतला? मला इतकं हसू आलं! रविवारच्या मराठी शाळेत आमची पोरं हेच विचारतात, पहिली वेलांटी की दुसरी?

माझ्या शेजारी वीसेक वर्षांचा एक मुलगा बसायचा. दिवसभर छपरं घालायच्या कामावर असे, वर्गात येईपर्यंत डोळे मिटायला आलेले. मला तो 'उस्तेद' म्हणायचा, म्हणजे तुम्ही. मी 'तू' म्हण म्हटलं, तर म्हणे घरी आजीलाही उस्तेदच म्हणतो. आमचा करार झाला. त्यानं माझं बोलणं सुधारायचं, मी त्याच्या निबंधात स्वरांवरच्या रेघा द्यायच्या. सबंध सेमिस्टर चाललं ते, आणि बाईंच्या शिकवण्याइतकंच मला त्यातून मिळालं. तूही असा एखादा शेजारी गाठ.

आता मला खरं सांगायचंय ते. इथली पुस्तकं प्रत्येक गोष्ट इंग्रजीशी तोलून समजावतात, आणि त्यामुळेच ती अवघड वाटते. आपणही सवयीनं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जातो. मधलं स्टेशन गाळ.

'मे गुस्ता'साठी आमच्या पुस्तकात तीन पानं खर्ची पडली होती. 'आय लाइक' नाही बरं का, ती वस्तू मला सुखावते, कर्ता वस्तू आहे, वगैरे. वर्गातली गोरी मुलं डोकं धरून बसली होती. अगं, 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लोस लिब्रोस' म्हणजे मला पुस्तकं आवडतात. क्रियापद दोन्ही भाषांत पुस्तकांमागे जातं, माझ्यामागे नाही. शर्ट घालून बघताना म्हणायचं, 'मे केदा ग्रांदे'. मला मोठा होतो. शब्दाला शब्द!

दोन भूतकाळांची गोष्ट याहून मजेची. बाईंनी विचारलं, लहानपणी रविवारी काय करायचीस? मी इंग्रजीतला 'वेन्ट' मनात धरून म्हटलं, 'फुइमोस आल रिओ', नदीवर गेलो. बाई म्हणाल्या, एकदाच? मग म्हटलं, आपण नाशिकला हे कसं सांगू? आम्ही रविवारी गोदावरीवर जायचो. 'ईबामोस'! एक दिवस नदीनं माझी चप्पल नेली. 'एल रिओ से येबो मि सांदालिया', इथे साधा भूतकाळ. जिथे मराठीत 'जायचो, करायचो, जात होतो' येतं तिथे त्यांचा इम्परफेक्ट, जिथे 'गेलो, केलं' येतं तिथे प्रेटेराइट. शंभरातल्या नव्वद वेळा बसतं. 'साबिया' म्हणजे माहीत होतं आणि 'सुपे' म्हणजे कळलं, क्रियापद एकच. इंग्रजीत दोन्हीला एकच 'न्यू', म्हणून तिथे वेगळा धडा. आपल्याला त्याची काय गरज?

सबजंक्टिव्हची भीती सगळे घालतात. 'किएरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. हे 'यावंस' म्हणजेच ते. घर शोधताना 'बुस्को उना कासा के तेंगा पातिओ' म्हणायचं. अंगण असेल असं घर, अजून सापडलेलं नाही. सापडलं की 'तिएने', अंगण आहे ते घर. आणि माणसाआधी लागणारा तो आगाऊ 'आ'? बहिणीला बघते, पण घर बघते. घराला आपणही 'ला' लावत नाही.

एकदा मी शेजारच्या त्या मुलाच्या वहीवर कॉफी सांडली. घाबरून म्हटलं, 'काई एल काफे'. वर्ग हसला, कारण 'काई' म्हणजे मी पडले. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'से मे कायो'. वर समजावलं, स्पॅनिशमध्ये दोष माणसावर येत नाही, वस्तू आपणहून पडते आणि माणूस फक्त जवळपास असतो. आपलं 'माझ्या हातून पडली' की गं हे! वही मात्र नवी आणून दिली.

पण मराठी सगळीकडे तारत नाही. मी पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, इथे आपलं क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलतं. त्या ओघात मी महिनाभर 'ए कोमिदा ला तोर्तिया' लिहीत होते. तिथे 'कोमिदो'च राहतं, तोर्तिया बाई असो की बुवा. 'पोचलीस की फोन कर' यात आपण बिनदिक्कत भूतकाळ घालतो, त्यांना तिथे 'येगेस' हा सबजंक्टिव्ह लागतो. नामाआधी लागणारे एल आणि ला तर आपण विसरतोच, आपल्याकडे तसलं काही नाही. सेर आणि एस्तार या दोन्ही क्रियापदांना आपल्याकडे एकच 'आहे', त्याला इलाज नाही, घोटायचं.

तुझं पुण्याचं स्पॅनिश बहुधा स्पेनच्या पुस्तकांतलं असेल. इथे गाडीला कोचेऐवजी कार्रो, फळांच्या रसाला सुमोऐवजी हुगो, बटाट्याला पाताताऐवजी पापा. 'बोसोत्रोस', म्हणजे स्पेनमधलं 'तुम्ही सगळे', फक्त समजण्यापुरतं ठेव. आणि 'बस पकडते' म्हणायला 'कोहेर' अजिबात वापरू नकोस. स्पेनमध्ये ते सोवळं आहे, मेक्सिकोत त्याचा अर्थ मी इथे लिहू शकत नाही. मी भर वर्गात म्हटलं होतं, मागचे दोन बाक खाली वाकले.

भाषांतराचं मशीन वापरायचा मोह होईल. मीही एका निबंधात एक वाक्य तिकडून उचललं. बाईंनी 'उबिएसे' या एका शब्दाभोवती गोल काढून बाजूला लिहिलं, हे कोण? आपण न शिकलेला काळ असा लगेच उघडा पडतो. मार्क गेले त्याचं काही नाही, ऑफिस अवरला जाऊन त्यांच्या डोळ्यांत बघायला लागलं. एरवी मात्र ऑफिस अवरला जरूर जा. आपल्याला सरांच्या खोलीत जायची सवय नसते, पण इथे तो वेळ आपल्याचसाठी ठेवलेला असतो.

उपयोगाचं विचारलंस. अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात. एच-फोरवर नोकरीला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतं हे तुला माहीत असेलच. माझं आलं तेव्हा मी फार्मसीत लागले, आणि काउंटरवर रोज निम्मं काम स्पॅनिशमध्ये होतं. एक आजोबा बाटली घेऊन आले होते. लेबलवर इंग्रजीत 'वन्स' लिहिलेलं, दिवसातून एकदा. ओ-एन-सी-ई ही अक्षरं स्पॅनिशमध्ये वाचली की होतात 'ओन्से', म्हणजे अकरा. त्यांनी विचारलं, खरंच अकरा गोळ्या? बरं झालं विचारलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला तोंडी सांगते, 'उना बेस आल दिया', आणि बोट दाखवते. एकच.

बाकी आजूबाजूला सगळीकडे स्पॅनिश आहेच. १८४८पर्यंत हा मुलूख मेक्सिकोचा होता. सॅन होजे १७७७ साली स्पॅनिश अमलाखाली वसलं. शेजारच्या गावांची नावं बघ, लॉस गॅटोस म्हणजे मांजरं, मिल्पिटास म्हणजे मक्याची छोटी शेतं, आणि आपली निम्मी मंडळी त्या शेतांत अपार्टमेंट घेऊन राहतात. आपल्या घरातही थोडं आहेच, पोर्तुगीजांच्या वाटेनं आलेलं. चावी ही त्यांची 'यावे', बिजागरी 'बिसाग्रा', आणि पगाराला 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं.

रहिवासी ठरेपर्यंतच्या वर्षात काय करशील? स्टोरी रोड आणि किंग रोडच्या बाजूला जा. तिथल्या पानादेरियात, म्हणजे बेकरीत, ट्रे आणि चिमटा घेऊन आपल्या हातानं पाव उचलायचे असतात. काउंटरवरची बाई इंग्रजीत बोलायला लागली तरी तू स्पॅनिशच रेट. 'आओरिता' म्हणाली तर आत्ता असं समजू नकोस, ते आपल्या 'आलोच' इतकं लांब असतं. रोज अर्धा तास रेडिओ ऐक, समजलं नाही तरी.

आणि नाव घातलंस की पहिला तास चुकवू नकोस. वेटलिस्टवर लोक असतात, गैरहजर दिसलीस की बाई तुझं नाव काढून जागा दुसऱ्याला देतात. जेटलॅग चालत नाही त्यांना.