वाचकांचे प्रश्न : सभासदांचे फोटो आणि साइटच्या सेटिंग्ज

प्रश्न : आमच्या छंदमंडळाच्या साइटवर फोटोची मर्यादा मी २ एमबीवरून ८ एमबी केली. तरी मोठे फोटो चढत नाहीत. कधी कधी ३ एमबीचा फोटोही अडकतो आणि पान कोरं येतं. असं का?

उत्तर : इथे दोन वेगळ्या अडचणी आहेत. तुम्ही साइटची मर्यादा वाढवलीत, सर्व्हरची तशीच राहिली. साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालत असेल, तर तिथे एका फाइलला मुळात २ एमबी आणि संपूर्ण फॉर्मला ८ एमबी अशी मर्यादा असते. दोन्ही बदला. फॉर्मची मर्यादा फाइलपेक्षा थोडी जास्तच हवी : फाइलला ८, तर फॉर्मला १०. नाहीतर फोटोसोबतचा मजकूर धरून आकडा ओलांडला जातो.

कोऱ्या पानाचा संशय मेमरीवर घ्या. जेपेग फाइल ३ एमबीची दिसते ती दाबून बसवलेली असते म्हणून. छोटी प्रत बनवताना सर्व्हरला ती पूर्ण उलगडावी लागते. ४०३२ × ३०२४ चा फोटो म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख पिक्सेल. पीएचपीत चित्रं हाताळणारी जीडी लायब्ररी प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट मेमरी घेते, म्हणजे जवळपास ४९ एमबी. फोटो फिरवायचा असेल तर दुसरी तेवढीच प्रत. पीएचपीची नेहमीची १२८ एमबीची मर्यादा अशीच भरत येते, आणि ५० मेगापिक्सेलचा फोटो तर पहिल्याच प्रतीत ती पार करतो. म्हणून एमबीइतकीच पिक्सेलची मर्यादाही घाला. अनेकजण हेच विसरतात.

त्याहून चांगला उपाय : ‘अपलोडआधी ब्राउझरमध्येच लहान करा’ अशी सोय असेल तर ती चालू करा. लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपेग दर्जा ८० ते ८५. पडद्यावर पाहायला एवढं भरपूर होतं आणि बहुतेक फोटो काहीशे केबीत बसतात. डीपीआयच्या (छापताना एका इंचात किती ठिपके) रकान्यात वेळ घालवू नका, पडद्यावर त्याने काही फरक पडत नाही.

नवे आकडे सहसा फक्त नव्या फोटोंना लागू होतात. जुन्यांच्या छोट्या प्रती पुन्हा तयार कराव्या लागतात. आधी बॅकअप घ्या आणि ते काम थोडं थोडं करा.

प्रश्न : उभे काढलेले फोटो साइटवर आडवे का होतात?

उत्तर : फोन बहुधा चित्र आडवंच साठवतो आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी खूण फाइलमध्येच साठणाऱ्या एक्झिफ माहितीत ठेवतो. साइटने ती माहिती पुसली की खूणही जाते. माहिती पुसायलाच हवी, कारण त्यात जीपीएसमुळे सभासदाच्या घराचं ठिकाणही असू शकतं. फक्त क्रम सांभाळा : आधी फोटो प्रत्यक्ष फिरवायचा, मग रंग एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत आणायचे, शेवटी माहिती पुसायची. मधली पायरी गाळली तर काही फोनचे फोटो फिके दिसतात. आधीच आडवे झालेले फोटो मात्र हातानेच फिरवावे लागतील.

प्रश्न : स्क्रीनशॉटमधली अक्षरं फुटतात.

उत्तर : ‘सर्व चित्रं जेपेगमध्ये बदला’ ही सेटिंग बंद करा. अक्षरांच्या धारदार कडांभोवती जेपेग डाग पाडतं. स्क्रीनशॉट पीएनजी या फाइल प्रकारातच राहू द्या.